नव्या गेमची बारावी ओळ

बारक्या हे नाव त्याला ताईने दिलं तेव्हा तो सात दिवसांचा होता. आता तो शेहेचाळीस वर्षांचा आहे, वजन ब्याण्णव किलो, आणि तो लिफ्टमध्ये शिरला की आतली माणसं नकळत वजनाच्या पाटीकडे बघतात. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

लिफ्टचा उल्लेख उगाच केलेला नाही. बारक्या लिफ्ट तपासनीस होता. इमारतीत जायचं, वर मशीन बघायचं, खाली खड्ड्यात उतरायचं, आणि सगळं बघून झालं की स्वतः लिफ्टमध्ये उभं राहून तळापासून गच्चीपर्यंत जायचं, भिंतीवर तळहात टेकवून. दोर सैल असेल तर भिंत कशी धडकते, रुळांवरची पकड झिजली असेल तर कशी थरथरते, हे त्याचा तळहात त्याला सांगायचा. मग तो छापील कागदावर अकरा ओळी भरायचा आणि तळाशी ‘वापरास योग्य / अयोग्य’ यातला एक शब्द खोडून सही ठोकायचा. बावीस वर्षांत स्वतः वर-खाली गेल्याशिवाय त्याने एकदाही सही केली नव्हती. हे तो दर दोन महिन्यांनी घरात कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

त्यामुळे घरात काहीही मोठं घ्यायचं झालं की सगळे बारक्याच्या गळ्यात पडायचे. सोफा घेताना तो दुकानात एकोणीस मिनिटं नुसता बसून राहिला होता, शेवटी दुकानदाराने पाणी आणून दिलं. लग्नाला होकार द्यायला त्याने अकरा महिने घेतले. बायको म्हणते, त्या कागदावरचा शेरा मला अजून बघायला मिळालेला नाही.

तर अशा या माणसावर यावेळी एक गेम तपासायची जबाबदारी येऊन पडली. गोळीबाराचा गेम, चार-चार जणांच्या टोळ्या एकमेकांवर सोडायच्या, असा.

शेहेचाळिसाव्या वर्षी बंदुका कसल्या खेळतो, असं कुणालाही वाटेल. पण त्याला कारण होतं. सहा वर्षांपूर्वी ताईची मुलगी शिकायला दूरच्या शहरात गेली. पोरीला फोनवर बोलायचा भारी कंटाळा. ‘बरी आहे’, ‘जेवले’, ‘ठेवते’, एवढ्यात तिचं सगळं आटोपायचं. मात्र दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात ती एक गेम खेळायची, आणि खेळताना तिच्या तोंडाला खळ नसायचा. हे ताईच्या लक्षात आलं आणि एकावन्नाव्या वर्षी तिने कॉम्प्युटर घेतला. तिने बारक्याला ओढलं. चौथा कुठून तरी मास्तर आला, भूगोल शिकवणारा. त्याला कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या दारावरची बेल कशी वाजते हे तिघांनाही पाठ होतं.

टोळीची सूत्रं ताईकडे गेली ती आपोआप. ती एकतीस वर्षं अँब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायची, गेल्या वर्षीच निवृत्त झाली. पलीकडचा माणूस कितीही किंचाळत असला तरी तिचा आवाज वर जायचा नाही. तिची वाक्यं ठरलेली. आधी पत्ता. मग, रुग्णाजवळ कोण आहे? आणि शेवटी, मदत निघाली आहे, फोन ठेवू नका. गेममध्येही तेच. मास्तरला गोळी लागली की तो बोंब मारायचा, आणि ताई शांतपणे म्हणायची, “आधी पत्ता, मास्तर. मग रडणं.” हसता हसता पुरेवाट व्हायची, पण मास्तर पत्ता सांगायचा आणि वाचायचासुद्धा.

चार महिन्यांपूर्वी तिने जाहीर केलं होतं, “आता गोळ्या तुम्ही झाडा बाबा. मी मागे बसून सांगते, कोण कुठे आहे ते.” तेव्हापासून टोळी जास्तच जिंकायला लागली, म्हणून कुणी का असं विचारलं नाही.

पण जुना गेम ओस पडत चालला. समोर दुसरी टोळी मिळायला वीस-वीस मिनिटं थांबावं लागे. सगळे नव्या गेमकडे गेले होते. नवा गेम फुकट नव्हता. एका जणाला एका चांगल्या बुटांच्या जोडीइतका पडणार होता, आणि घ्यायचा तर चौघांनी घ्यायला हवा, नाहीतर टोळी मोडली. कंपनीने शनिवार-रविवार सगळ्यांना खेळून बघायला मोकळीक दिली होती. रविवारी संध्याकाळी सहाला ती मुदत संपायची, आणि त्याच्या आत घेणाऱ्याला किमतीत सूट होती.

“मामा, तू कागद भर,” भाची म्हणाली. “तू योग्य म्हणालास तर घ्यायचा, अयोग्य म्हणालास तर नाही. उद्या साडेपाचला निकाल.”

“मी कोण निकाल देणार?” बारक्या म्हणाला, पण तपासणीचा कोरा छापील कागद त्याने आधीच पुढ्यात घेऊन ठेवला होता.

शनिवारी ते नऊ डाव खेळले. बारक्या एका हाताने बंदूक चालवत होता आणि दुसऱ्या हाताने पेन, त्यामुळे तोच सगळ्यात आधी मरत होता. सर्व्हर: ठीक. बंदुकांचा आवाज: ठीक, किंचित जास्त. नकाशे: ठीक. मास्तरने मध्येच सांगितलं की नकाशातली नदी उतारावर उलटी वाहतेय, पण ते बारक्याने धरलं नाही. लबाडी करणारे खेळाडू: एक आढळला, दहा मिनिटांत हाकलला गेला. ठीक.

या गेममध्ये मागे बसायची सोय मात्र नव्हती. प्रत्येकाला एक बाजू सांभाळावीच लागायची, ताईलाही. आणि आणखी एक गोष्ट वेगळी होती. जुन्या गेममध्ये मेल्यावर सगळं मैदान वरून दिसायचं. इथे मेलं की आपल्यातल्या जिवंत माणसाच्या डोळ्यांनी दिसायचं. तो जे बघतो ते, तो जिथे नेम धरतो तिथेच.

सहाव्या डावात गोदामाच्या कोपऱ्यावर बारक्या पडला आणि पहिल्यांदाच ताईच्या डोळ्यांत गेला. ती एका खिडकीआड उभी होती. समोर दरवाजा, दरवाजावर तिच्या नेमाचा लाल ठिपका. ठिपका थरथरत होता. फार नाही, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, पण एकसारखा, न थांबता, सेकंदाला चार-पाच वेळा. बारक्या खुर्चीत पुढे सरकला. ही थरथर त्याच्या ओळखीची होती. दोराची नव्हे, ती धडकते. ही झिजलेल्या पकडीची.

“थांबा, थांबा!” तो ओरडला. “दोष सापडला!”

“कसला दोष?” भाचीने विचारलं.

“ताईकडचं दृश्य थरथरतंय. सर्व्हरचं काहीतरी असणार. एकेकाने उभं राहा, मला बघू दे.”

पुढचे तीन डाव त्याने मुद्दाम मरून घेतलं. भाचीचा ठिपका स्थिर. मास्तरचा स्थिर. ताईचा थरथरता. बारक्याचा चेहरा उजळला. अकरा ओळींच्या खाली त्याने हाताने बारावी ओळ आखली आणि लिहिलं: दृश्य थरथरते, फक्त ताईच्या बाजूने.

“माझा माऊस जुना झालाय रे,” ताई म्हणाली.

“मग उद्या सकाळी नवा घेऊन येतो.”

“उद्या नको. उद्या मला काम आहे.”

“रविवारी कसलं काम?”

“आहे काहीतरी,” म्हणत ताईने गेम बंद केला. ताईने असं मोघम उत्तर दिलेलं त्याने आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. पण दोष सापडल्याच्या आनंदात त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तो माऊस घेऊन निघाला. ताईचं घर चौथ्या मजल्यावर. त्या इमारतीच्या लिफ्टवर बारक्या सही करायचा नाही, नात्यातल्या माणसाची इमारत म्हणून ती त्याने दुसऱ्या तपासनीसाकडे दिली होती. तरी सवयीने त्याने भिंतीवर हात टेकवलाच. लिफ्ट झकास होती.

दार उघडताना ताईचा उजवा हात ओढणीखाली होता. “आलास का शेवटी! ऐकशील तर शपथ,” ती म्हणाली. चहा तिने आधीच करून ठेवला होता, दोन उंच मगांमध्ये, आणि दोन्ही मग अर्धेच भरलेले. बारक्या म्हणाला, “काटकसर सुरू केलीस का?” ती हसली नाही.

त्याने नवा माऊस जोडला, गेम उघडला, खिडकीआड उभा राहिला. ठिपका खांबासारखा स्थिर. जुना माऊस जोडला. स्थिर. वायर हलवून बघितली. टेबलावर तळहात टेकवून बघितलं, टेबल कुठे हलतंय का. टेबल गप्प होतं.

“यंत्रात काही नाही,” तो म्हणाला. “तू बस बघू. तू धर.”

“राहू दे ना बारक्या.”

“अगं, बघितल्याशिवाय मी लिहू काय?”

ती बसली. उजवा हात ओढणीतून बाहेर काढून तिने माऊसवर ठेवला. पडद्यावर ठिपका थरथरायला लागला. बारक्याने टेबलावरचा तळहात उचलला आणि तिच्या हातावर ठेवला, जसा लिफ्टच्या भिंतीवर ठेवतो तसा. मग त्याला काही विचारायची गरज उरली नाही. तो तसाच उभा राहिला. बावीस वर्षं गावभरच्या भिंती चाचपत फिरलो आणि हिच्या हाताला हात लावला नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“किती दिवस?”

“चार महिने. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू आहेत. मरत नाही याने माणूस. हळूहळू वाढतं, बस. जेवते डाव्या हाताने, लिहितेही आता.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीस?”

“तुला सांगितलं की पोरीला कळणार. तुझ्या पोटात काही राहतं का?” ताई म्हणाली. “ती परवाच नोकरीत कायम झाली, बारक्या. शिकून झाल्यावर तीन वर्षं लोकांचे नकली दात घडवत एका प्रयोगशाळेत वर आली. कळलं तर बॅग भरून इथे येऊन बसेल. मी ओळखते तिला, माझीच आहे ती.”

त्यांची आई आजारी पडली तेव्हा बारक्या शाळेत होता. ताई शिकायला बाहेर होती, ती एका आठवड्यात परत आली आणि पुन्हा गेली नाही. त्याला डबा कुणी करून दिला, त्याच्या फिया कुणी भरल्या, हे त्याला ठाऊक होतं. ती काय सोडून आली ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

“मग आता?” त्याने विचारलं.

“लिही, गेम अयोग्य आहे म्हणून. जुन्या गेममध्ये कुणी कुणाच्या डोळ्यांनी बघत नाही. मी मागे बसेन, बोलेन. आहे तसं चालू राहील.”

“ताई, मी खोटा शेरा कधी दिलेला नाही.”

“ही काही लिफ्ट नाही रे. कुणी खाली पडणार नाही.”

तो घरी गेला नाही. बायकोला फोन करून सांगितलं, ताईकडे जेवतो. दुपारभर तो जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसला. ताईने एकदाही त्याच्या पाठीमागून डोकावलं नाही. शेवटी पाच वाजता त्याने तळाचा ‘योग्य’ शब्द खोडला. रेघ इतकी फिकट आली की पुन्हा गिरवावी लागली.

साडेपाचला दोघं एकाच माइकसमोर बसले. मास्तरची बेल वाजली, दार लागलं, मग मास्तर आला.

“मामा, तू आईकडे आहेस?” भाचीने विचारलं. “बरं झालं. वाच.”

बारक्याने घसा खाकरला. “सर्व्हर, ठीक. आवाज, ठीक. नकाशे, ठीक...” तो वाचत गेला. अकराव्या ओळीपर्यंत ठीकच होतं. मग त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, “वापरास अयोग्य.”

मग मास्तर म्हणाला, “साहेब, मी बावीस वर्षं पेपर तपासतोय. अकरा प्रश्न बरोबर आणि मुलगा नापास, असं मी अजून केलेलं नाही.”

बारक्याला खोटं बोलायची सवय नव्हती, इथेच सगळी गोची झाली होती. तळाचा एक शब्द त्याने मन मारून खोडला होता, पण एकेका ओळीत खोटं लिहायला त्याचा हात धजला नव्हता. भाषाच त्याला येत नव्हती ती.

“आणि बारावी ओळ?” भाची म्हणाली. “आईकडचं दृश्य थरथरत होतं ना? माऊस बदललास?”

“बदलला.”

“मग थांबलं का?”

‘नाही’ म्हणावं तर ती विचारणार, मग कशाने थरथरतंय? ‘हो’ म्हणावं तर मग गेम अयोग्य का? त्याने ताईकडे पाहिलंही नाही, कागदाकडे बघत राहिला.

“मामा? थांबलं का?”

ताईने डावा हात पुढे केला आणि माइक स्वतःकडे ओढला. बोलायला लागली ती नियंत्रण कक्षातल्या आवाजात. तोच, वर न जाणारा.

“रुग्ण स्त्री, वय सत्तावन्न. उजव्या हाताला कंप, चार महिन्यांपासून. डॉक्टरांना दाखवलेलं आहे, औषधं चालू आहेत. शुद्धीवर आहे. बोलते आहे.” ती थांबली. “माऊसमध्ये दोष नाही. गेममध्येही नाही.”

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मास्तरने बहुतेक स्वतःचा माइक बंद केला, कारण त्याच्या घरातले आवाज एकदम थांबले. बारक्या वाट बघत होता, आता रडण्याची, आता ओरडण्याची, चार महिने लपवलंस म्हणून भांडणाची. ताईचा उजवा हात मांडीवर होता. त्याने तो आपल्या हातात घेतला आणि तिने घेऊ दिला.

“पत्ता?” भाची म्हणाली.

आवाज भरून आलेला होता, पण चढलेला नव्हता. त्या घरात वाढलेल्या पोरीला दुसरं काय येणार?

ताईचे ओठ हलले. “घर,” ती म्हणाली. “चौथा मजला.”

“रुग्णाजवळ कोण आहे?”

“भाऊ आहे.”

तिसरं वाक्य काय असतं ते तिघांनाही माहीत होतं. ताईने डोळे मिटून घेतले. मदत निघाली आहे, हेच तिला ऐकायचं नव्हतं.

“मदत निघालेली नाही,” भाची म्हणाली. “ऐकतेयस ना आई? मी बॅग भरत नाहीये. मी इथेच आहे, उद्या कामावर जाणार आहे. पण तू फोन ठेवू नकोस. आजच नाही, कधीच ठेवू नकोस. कळलं?”

“कळलं,” ताई म्हणाली. मग ती रडली. एकतीस वर्षांत फोनवर कुणी तिला रडताना ऐकलं नव्हतं, ते त्या संध्याकाळी तिघांनी ऐकलं. कुणी तिला थांबवलं नाही.

सहाला दहा मिनिटं होती. बारक्याने आधीचा कागद बाजूला सारला. खोडलेल्या शेऱ्यावर पुन्हा लिहायचं नाही, नवा कागद घ्यायचा, हा त्याच्या खात्याचा नियम. त्याने नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला सुरुवात केली. सर्व्हर: ठीक. आवाज: ठीक. शेजारी ताई आणि भाची औषधाच्या वेळांवरून हुज्जत घालत होत्या आणि परत आलेला मास्तर दोघींनाही समजावत होता.

तळाशी त्याने ‘अयोग्य’ हा शब्द एका रेघेत खोडला आणि सही केली. त्याआधी, छापील अकरा ओळींच्या खाली, हाताने आखलेल्या बाराव्या ओळीत त्याने लिहिलं: ताईच्या बाजूने दृश्य थरथरते. माहीत आहे. चालेल.